गरजमापक

"जे आहे ते सगळ्यांना पुरवून वापरायचं, हेमा," आई सांगायची. वर्षअखेरच्या वादळामुळे उत्तरेकडच्या देशातून इन्सुलिन आणणारं जहाज आलं नाही, तेव्हा विनिमय केंद्राच्या प्रमुख डॉ. हेमांगी शेंबेकरांनी त्याच शब्दांत देशभर सूचना पाठवली: पुढचं जहाज येईपर्यंत इन्सुलिन निम्मंच घ्यावं.

लोकांनी ती एकादशीसारखी पाळली. तब्येती ढासळल्या, पण वाट्याबाहेर थेंबही कुणी घेतला नाही. हेमांगींची अकरा वर्षांची भाची जाईसुद्धा वाळत गेली, तरी जास्तीचं मागत नव्हती.

आज नव्या वर्षाचा करार पडद्यावर आला. त्यात इन्सुलिन निम्मंच होतं.

"यंत्र चुकलंय," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम," गणिती फैय्याज मुल्ला हळूच म्हणाला. करार ठरवणाऱ्या गरजमापक यंत्राचं सूत्र त्याचंच. चलनांवरचा विश्वास उडाला आणि देश वस्तूला वस्तू देऊ लागले, तेव्हा जो तो आपली गरज फुगवून सांगू लागला. म्हणून ठरलं, की शब्द कुणाचाच धरायचा नाही. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत देशानं जेवढं वापरलं, तेवढीच त्याची गरज.

"सूत्र तुझंच ना रे? मग समजाव त्याला."

"ते ऐकत नाही, मॅडम. फक्त मोजतं. सुईतून अंगात गेलेला थेंब न् थेंब."

"इन्सुलिनच्या बदल्यात द्यायचा तांदूळ गोदामात पडून आहे. दुप्पट न्या म्हणावं उत्तरेकडच्यांना."

"आपलं तांदळाचं जहाजही त्या वादळात त्यांच्याकडे पोचलं नव्हतं. त्यांनीही तांदूळ पुरवून खाल्ला. त्यांची गरजही निम्मी दिसतेय."

कराराबाहेर एक गोणही हलवता येत नव्हती. हेमांगींनी विचारलं, आजपासून सगळ्यांनी पूर्ण डोस घेतला तर? साठा सहा महिन्यांत संपेल, तो म्हणाला. शेवटच्या तिमाहीत वापर शून्य भरेल, आणि पुढच्या वर्षी काहीच येणार नाही.

"आणि निम्म्यावरच राहिलो तर?"

त्यानं चष्मा काढून पुसला.

"काही जण राहणार नाहीत. मग वापर आणखी घटेल, आणि येणारं इन्सुलिनही."

पडद्याच्या तळाशी हिरवी ओळ उमटली: भारताची गरज शंभर टक्के पूर्ण.

जाईची आई वैदेही सकाळपासून फोन करत होती. तिला हेमांगींनी शब्द दिला होता: जे कळेल ते समोर बसून सांगेन, लपवणार नाही.

फैय्याजनं गाडी काढू का विचारलं. त्या नको म्हणाल्या. चपला घातल्या, पदर सारखा केला आणि वैदेहीकडे जायला भर उन्हात एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.