सरकलेली टिंबं

"पट्टी हलवू नकोस, टिल्लू. शून्यावरून मोज," बिट्टी म्हणाली.

काकांच्या ऑफिसात जमिनीवर पाण्याच्या नळांचा नवा नकाशा पसरला होता. सुट्टीत ही बहीणभावंडं रोज इथेच असत. नकाशातलं प्रत्येक लाल टिंब म्हणजे रस्त्याखालचा एक वॉल्व्ह. सोमवारी मजुरांनी टिंबं पाहून तीन ठिकाणी खणलं, तर खाली नुसती माती. खापर फुटलं ते ऑफिसातल्या म्हाताऱ्या नकाशेवाल्या आजोबांच्या माथी. कॉम्प्युटरवर माउसने टिंबं तेच टाकत. हात थरथरतो म्हणून काकांनी त्यांना घरी बसवलं.

तेव्हापासून बिट्टीला घास गोड लागत नव्हता. गेल्या आठवड्यात चित्र रेखीव दिसावं म्हणून त्या जुन्या कॉम्प्युटरचा पडदा तिनेच सेटिंगमध्ये जाऊन साध्या ठिपक्यांवरून बारीक ठिपक्यांवर नेला होता. कुणाला न सांगता. त्यानेच तर टिंबं सरकली नसतील?

टिल्लूने पूर्वीचा हाताने काढलेला नकाशा शेजारी ठेवला. कडेपासून दहा सेंटिमीटरवर हवं असलेलं टिंब आठवर होतं. वीसचं सोळावर, पन्नासचं चाळीसवर.

"आजोबांचा हात फारच शिस्तीत थरथरतो गं," टिल्लू म्हणाला.

बिट्टी हसली नाही. थरथरणारा हात कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. इथे प्रत्येक पाचाचे चार झाले होते. आणि पडदा आधी सहाशे चाळीस ठिपके रुंद होता, आता आठशे. तेही चारास पाचच.

तिने काकांना आकडे दाखवले. प्रोग्रॅम काकांनीच लिहिलेला. त्यांनी तो उघडला आणि कपाळाला हात लावला. बारीक पडद्यावर बाण नव्या मापाने फिरत होता, पण क्लिकची जागा जुन्याच मापाने नोंदली जात होती. म्हणून टिंब पडद्यावर बरोबर दिसे आणि कागदावर सरके. बारीक पडद्याची सोय करून ती तपासायचं राहिलं, असं काकांनी कबूल केलं आणि दोघांची पाठ थोपटली. पडदा कुणी बदलला, हे त्यांनी विचारलं नाही. बिट्टीनेही सांगितलं नाही.

तिघं लगेच आजोबांच्या घरी गेले. काकांनी माफी मागितली, पोरांचं तोंडभर कौतुक केलं. आजोबांच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येकावर पट्टीशिवाय ओढलेल्या उभ्या रेघा.

"तीन दिवस हात तपासतोय," आजोबा म्हणाले. "मलाही खरंच वाटायला लागलं होतं."

बिट्टी टेबलाजवळ गेली.

"आजोबा, पडदा मी बदलला होता. तुम्हाला बोलणी बसली तेव्हा मी तिथेच होते. गप्प राहिले."

काका काही बोलणार, तोच आजोबांनी त्यांना खुणेने थांबवलं.

"प्रोग्रॅममधली चूक तू शोधलीस, ती हुशारी," ते सावकाश म्हणाले. "आता बोललीस, ते त्याहून अवघड होतं. उद्या ये, टिंबं मिळून टाकू."

बिट्टीने मान हलवली. नजर वर करवेना, म्हणून ती गठ्ठ्यातले कागद एकेक करून पाहत राहिली. एकही रेघ वाकडी नव्हती.