प्रिंटरची वायर

मामांच्या चष्म्याच्या दुकानातला कॉम्प्युटर पहिल्यांदा रुसला, तेव्हा भाचीने तो कितीदा तरी बंद-चालू केला, लाडीगोडी लावली, शेवटी एक चापटही ठेवून दिली. पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं आणि तिथेच ठाण मांडून बसायचं. अखेर दुरुस्तीवाल्याला फोन गेला.

तो आला आणि डब्याला कान लावून बसला.

“नाडी लागतेय का, डॉक्टर?”

“लागतेय... पण तुम्ही इतक्या जवळ उभ्या राहिलात, तर माझीच ऐकू येईल.”

तिचे कान तापले. त्याने मागच्या सगळ्या वायरी काढल्या, मग एकेक लावत पुन्हापुन्हा कॉम्प्युटर चालू करून पाहिला. जुन्या प्रिंटरची वायर लागली आणि गाडी परत अडली.

“सापडला चोर! आधी कॉम्प्युटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग प्रिंटर लावा. बस्स.”

इतकं सोपं होतं. पण जाताना तो दारात थबकला, वळून हसला... आणि पुढच्याच आठवड्यात बाईसाहेबांनी वायर सकाळीच लावून ठेवली.

तो आला. वाकला. वायर त्याला दिसली, हे तिलाही दिसलं. तरी पठ्ठ्याने डबा उघडून ब्रशने धूळ झाडायला घेतली.

“अवघड आहे का?”

“फार. वेळ लागणार...”

मामा जेवायला गेले होते. तिने त्याला फ्रेम्स लावून पाहायला दिल्या. एकीत तो मास्तर दिसला, दुसरीत चक्क हिशेबनीस. तिसरी तिने स्वतः त्याच्या कानामागे नीट बसवली, आणि बोटं जरा जास्तच रेंगाळली.

मग हे नेहमीचंच झालं. ती वायर लावायची, तो काढायचा. मनातलं मात्र कुणीच बोलेना.

शाळा सुरू व्हायच्या आधीची गर्दी होती. मुलांना घेऊन आयाबाप ताटकळले होते, सगळ्यांचे नंबर कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर ढिम्म. आज तरी तो विचारेल, या आशेने तिने वायर लावली होती. गर्दीचा विचारच केला नव्हता वेडीने!

तो धावत आला, तसा मामांचा पारा चढला. “किती खेपा घालतोस रे? एक दुखणं बरं होत नाही तुझ्याकडून? तुझ्या मालकाशीच बोलतो आता!”

त्याचा हात मागच्या वायरीवर होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. एकच वाक्य पुरलं असतं — मामा, ती मी लावली. ती मूग गिळून चष्म्यांच्या रिकाम्या डब्या रचत राहिली.

“माझंच चुकलं, काका,” तो म्हणाला.

पुढच्या वेळी दुसराच माणूस आला. “त्याला बाहेरच्या कामावरून काढलं,” एवढंच त्याच्याकडून कळलं. तरी धीर गोळा करण्यात तिने कितीतरी दिवस घालवले. अखेर मामांना सगळं सांगितलं, पोटभर बोलणी खाल्ली आणि तडक दुरुस्तीच्या दुकानात गेली. तो आवराआवर करत होता. उद्यापासून दुसऱ्या गावी नोकरी होती.

“वायर मी लावत होते...”

“माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर बोलावणं बंद झालं असतं.” तो हसला, तसाच, दारातल्यासारखा. “आवडत होतात तुम्ही. अजूनही आवडता.”

“मग जाऊ नका ना... मामांना सांगितलंय मी. सगळं.”

“बरं केलंत.” त्याने पिशवीची चेन लावली. “पण त्या दिवशी मामांचं बोलणं मला लागलंच नाही हो. मी तुमच्याकडे बघत होतो. वाटलं, आता बोलतील... आता बोलतील.”

तो रागावला असता, तर तिने समजूत काढली असती, रडून-भांडून थांबवलंही असतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हताच. तिने वाटेतून बाजूला होऊन त्याला जाऊ दिलं.