वॅगन माथ्यावर राहिली

दोन नव्या गाड्यांच्या तुलना-चाचणीसाठी ठरलेला मासिकाचा दुसरा चालक ऐन वेळी कंबर धरून बसला, म्हणून मासिकाच्याच प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरला पाठवलं. तो धापा टाकत पार्किंगमध्ये आला, तेव्हा मासिकात गाड्यांविषयी लिहिणारी ती घड्याळाकडे पाहत उभी होती.

"मी ती लांबुडकी वॅगन चालवायची ना? प्लग-इन हायब्रिड, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हीवरची?"

"हो. मी इलेक्ट्रिक एसयूव्ही. घाट चढून पलीकडच्या तलावापर्यंत जायचं आणि परत. फोन चालू ठेवा... बोलत राहू."

आठ वर्षं ती गाड्या पारखत होती, बहुतेक एकटीच. मावशी म्हणायची, "शंभर गाड्या पाहिल्यास, आता एखादं माणूस पाहा!" ती ते हसण्यावारी न्यायची. पण संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडताना किल्लीचा आवाजही तिला नकोसा व्हायचा.

एसयूव्ही चाहूल न देता निघाली.

"कशी आहे?" फोनमधून त्याने विचारलं.

"पिसासारखी. पण इतकी शांत, की स्वतःचेच विचार ऐकू येतात."

"अरे बापरे! मग अवघड आहे."

ती हसली. गाडीत, मोठ्याने... कितीतरी दिवसांनी.

साठेक किलोमीटरवर वॅगनची बॅटरी संपली. "इंजिन जागं झालं," तो म्हणाला. "आमच्या फ्रिजसारखं गुरगुरतंय. घरी माझ्याशी तो एकटाच बोलतो."

"नशीबवान आहात. माझा फ्रिजही मुका आहे."

घाटाने एसयूव्हीचं चार्जिंग भराभर खाल्लं. माथ्यावर एकुलता एक चार्जर होता आणि भोवती नुसतं धुकं. पन्नास मिनिटं लागणार होती.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "तुमच्याकडे पेट्रोल आहे. वॅगनचा तोच तर फायदा."

"बरं," तो म्हणाला. फोन बंद झाला, वॅगन धुक्यात दिसेनाशी झाली. थांबायची तिला सवय होती, तरी आज थांबणं जड गेलं. तिने वहीत लिहिलं – वॅगनला कुणासाठी थांबावं लागत नाही.

काही वेळाने काचेवर टकटक झाली. वॅगन मागे लावून तो दोन कागदी पेले सांभाळत उभा होता.

"कॉफी. चार वळणं खाली मिळाली."

"पण... परत का आलात?"

"पुढे जाता येत होतं." तो शेजारी बसला. "जावंसं वाटेना."

कॉफी संपली, बोलणं संपेना. चार्जर वाजला तरी कुणी हललं नाही.

"मग, कोणती सरस?" त्याने विचारलं.

"एकट्या माणसाने विचारलं तर..."

"आणि दोघांनी विचारलं तर?" तो समोरच्या काचेकडे पाहत होता. कान मात्र लालेलाल.

"दोघांचा मला अनुभव नाही," ती हळूच म्हणाली.

"मलाही नाही. पण तुमच्याबरोबर... घ्यावासा वाटतोय."

तिने खाली उतरून चार्जरची वायर काढली, परत येऊन सीटबेल्ट लावला.

"वॅगन राहू दे इथेच. तलावापर्यंत माझ्याबरोबर चला."

"अहो, चाचणी फुकट जाईल!"

"जाऊ दे," ती म्हणाली आणि गाडी उताराला लागली.