लिफाफ्यात गेलेलं एक मत

धुक्यानं ओली झालेली टोपी त्यानं कोर्टाच्या दारात झटकली, आणि सगळं पाणी माझ्या तोंडावर!

"अरे देवा— सॉरी हं!"

"आंघोळ करूनच निघाले होते मी," मी फणकारले. आणि तोच मनुष्य दोन नंबरच्या टेबलावर माझ्यासमोर येऊन बसला. हेडली पार्डी, विरोधी उमेदवाराचा प्रतिनिधी. मी ग्रेटा नोझवर्दी, आमच्या खासदारबाईंची.

फरक जेमतेम सात मतांचा, म्हणून कोर्टानं फेरमोजणी लावली होती. कारकून एकेक मतपत्रिका उचलून दाखवायचा, आम्ही नुसतं बघायचं. पटलं नाही तर 'हरकत' म्हणायचं, की ती लिफाफ्यात जायची. निवाडा जजबाईंचा.

आमच्या खासदारबाई पडल्या तर गावातलं त्यांचं ऑफिस बंद होणार होतं, जे मी सांभाळायचे. आई गेल्यापासून माझ्याशी कोणी बोलत असेल, तर त्या ऑफिसात येणारी माणसंच. घरी मी रेडिओला उत्तरं द्यायचे. खरंच सांगते.

"हरकत," हेडली म्हणायचा. "फुली गोलाबाहेर गेलीय."

"फुली आत आहे. तुमचीच नजर भलतीकडे जातेय."

"कुठं जातेय... ते बघत असता वाटतं?"

माझे कान तापले. कारकून खोकला. दुसऱ्या दिवसापासून हेडली माझा चहा बिनसाखरेचा आणायला लागला, न विचारता.

तिसऱ्या दुपारी शेवटची पेटी उघडली. कारकुनानं एक मतपत्रिका उचलली. आमच्या बाईंपुढे ठसठशीत फुली, आणि शेजारी आद्याक्षरं— जी. एन. माझ्याच हातची!

ऑफिसात लागण्याआधी मासळीच्या कारखान्यात अकरा वर्षं वजनाच्या प्रत्येक चिठ्ठीवर मी ती ठोकत आले होते. मत देतानाही ठोकली असणार, मेलं लक्षातच आलं नाही! आणि मतदार ओळखू आला, की मत बाद.

हेडलीनंही बघितलं. हजेरीच्या कागदावर तीन दिवस तो माझी तीच अक्षरं बघत होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं... आणि खिडकीबाहेर बघायला लागला. कारकून मतपत्रिका आमच्या गठ्ठ्यात ठेवणार, इतक्यात—

"हरकत," मी म्हणाले.

जजबाईंनी चष्मा वर केला. "स्वतःच्याच उमेदवाराच्या मतावर?"

"हो, बाईसाहेब. मत कोणाचं, ते कळतंय."

मत बाद झालं. पाच वाजता निकाल लागला, आम्ही एका मतानं पडलो. ते मत राहिलं असतं तर बरोबरी होऊन निवडणूक पुन्हा झाली असती. ऑफिसची किल्ली पर्समध्ये जड लागत होती. मला रडूच फुटलं.

पायऱ्यांवर हेडलीनं मला गाठलं. "मी गप्प बसलो होतो ना! कशाला बोललीस?"

"तू गप्प बसलास म्हणूनच. माझ्यापायी तू तुझ्या उमेदवाराशी खोटा वागला असतास... ते मला नसतं सोसलं."

तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. "उद्या मी शहरात, सेंट जॉन्सला परत चाललोय."

"माहितीये."

"चार तासांचा तर रस्ता आहे. रविवारी... तू काय करतेस?"

"काही नाही रे. एकटी असते. रविवारी तर फारच."

"मग मी येऊ?"

"माझ्याकडे दोनच खुर्च्या आहेत," मी कशीबशी म्हणाले. "एकीवर धुतलेले कपडे पडलेले असतात... ते उचलून ठेवते."