दुपारची हाक

उमैमा क्लिनिकमधून अम्मीचा रिपोर्ट घेऊन यूएईत, फुजैऱ्यातल्या फ्लॅटवर परतली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हिमोग्लोबिन आणखी खाली आलं होतं. रक्त जातंय कुठे, ते डॉक्टरांनाही कळत नव्हतं.

अम्मी, रुकय्या, पडदे ओढून पडली होती. मार्चमध्ये उमैमाचा थोरला भाऊ यहया तेलाच्या बार्जवरून समुद्रात पडला. त्याला इथल्याच कब्रस्तानात दफन केलं, आणि तेव्हापासून अम्मी खंगत चालली होती.

"तो येतो गं," अम्मी हळूच म्हणाली. "दुपारी. दारातून विचारतो, अम्मी, येऊ का? मी ये म्हणते."

उमैमाच्या अंगावर काटा आला. कॉलेजात तिचा प्रोजेक्टच व्हॅम्पायरवर होता. काळ्या झग्यातला सिनेमातला उमराव फार नंतरचा. जुन्या युरोपातल्या खेड्यांत तो साधा शेतकरी असे, नुकताच पुरलेला. एकाच घरातली माणसं क्षयानं एकामागून एक झिजत, आणि लोक म्हणत, आधी गेलेलाच परत येतोय. पण आतून कुणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. गेलेलं माणूस कुठल्याही रूपात परत यावं ही आपलीच ओढ त्याला जिवंत ठेवते, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. टीचर खूश झाल्या होत्या.

"अम्मी, हा स्ट्रेस आहे. पण आता कुणाला ये म्हणू नकोस, प्लीज."

"माझ्या पोराला दारात उभं ठेवू?"

बोलता बोलता अम्मीचा डोळा लागला. बाहेर उन्हात चिटपाखरू नव्हतं. एसीची घरघर एकाएकी थांबली. डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास खोलीत पसरला. दारावर सावकाश दोनदा टकटक झाली.

"अम्मी... येऊ का?"

यहयाचाच आवाज. सर्दी झाल्यासारखा, जड. झोपेतच अम्मीचे ओठ हलू लागले. उमैमानं झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला. ओठ गारठून गेले होते. आणखी एक दुपार अम्मी काढणार नाही, हे तिला दिसत होतं.

"भाई..." तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "अम्मीला सोड. खलास... तिच्यात काही उरलं नाही."

बाहेरून अगदी लाडात, "उमी... तू तरी ये म्हण."

तो गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. वाचलेलं सगळं तिला शब्दन्शब्द आठवत होतं.

"ये," ती म्हणाली. "माझ्याकडे ये."

दार उघडलं नाही. नुसता एसी पुन्हा सुरू झाला.

जूनमध्ये अम्मीच्या गालांवर रंग चढला. ती उठून मासे तळू लागली. उमैमाला मात्र जिन्यात धाप लागायची. तरी दुपार व्हायला लागली की तिचा जीव घराकडे ओढ घ्यायचा.

एका सकाळी अम्मी तिचे केस विंचरत होती. मध्येच हात थांबला.

"एक विचारू? त्या दुपारी तू एकट्या यहयालाच ये म्हणालीस ना?"

"म्हणजे?"

अम्मीनं आवाज खाली आणला. "त्याच्या मागे एक जण उभा असायचा, बेटा... त्याला मी कधीच आत घेतलं नव्हतं."