दिवा हिरवा होता

इचलकरंजीत हल्ली कुणी कुणाला झोपेतून उठवत नाही. घरोघरी निद्रापाल उशी आल्यापासून तो अडाणीपणा समजला जातो. कुणी झोपेत कण्हू लागलं तर घरची माणसं आधी उशीच्या कडेचा दिवा बघतात. दिवा हिरवा असला की पांघरूण सारखं करून आपापल्या कामाला लागतात. उशीत बसवलेले संवेदक झोपलेल्याच्या हृदयाचे ठोके आणि मेंदूतल्या विद्युतलहरी वाचत असतात. हृदयविकाराच्या झटक्याची चाहूल लागली तर दिवा लाल होतो, घंटा वाजते आणि रुग्णवाहिका दारात येते. झोपेतल्या झटक्यानं माणूस दगावण्याचे दिवस संपले, असं उशी बनवणारी कंपनी छातीठोकपणे सांगत होती.

आणि तरीही धनंजय खाडे सर त्याच उशीवर, भर दुपारी, जेवणानंतरच्या डुलकीत गेले.

सर शाळेत व्हॉलीबॉल शिकवत. त्यांनी मैदानाच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाच्या चहावाल्याच्या हातातला ग्लास हिंदकळायचा. भेटायला येणारा प्रत्येकजण एकच म्हणत होता, "भाग्यवान माणूस. झोपेतच गेले, त्यांना कळलंसुद्धा नाही." त्यांची बायको शीतल त्या वाक्याला धरून बसली होती. मुलगी ऋजुता मात्र ते ऐकून आतल्या आत जळत होती. भाग्य कसलं डोंबलाचं! घंटा का वाजली नाही, एवढं एक कुणीतरी सांगावं. कंपनीनं उत्तरादाखल पांढऱ्या फुलांचा गुच्छ पाठवला, तो तिनं कचऱ्यात टाकला आणि थेट कंपनीचं पुण्यातलं कार्यालय गाठलं.

उशीचे जनक डॉ. कौस्तुभ नाडगौडा स्वतः दारापर्यंत आले. "बसा ना."

"बसायला आले नाही मी. घंटा का वाजली नाही?"

"जरा मुळापासून सांगावं लागेल," नाडगौडा म्हणाले. "माणूस स्वप्न बघतो तेव्हा मेंदू त्याचे स्नायू सैल सोडून देतो. स्वप्नात तुम्ही धावता, पण अंथरुणात पाय जागचे हलत नाहीत. आम्ही याला स्वप्नबंध म्हणतो. निसर्गाची चांगली सोय आहे ती, नाहीतर माणसं झोपेत उठून भिंतींवर आदळली असती. पण हृदय मात्र बांधलेलं नसतं. स्वप्नात वाघ मागे लागला तर ते काय करेल?"

"धडधडेल."

"उशीला ती धडधड झटक्यासारखीच दिसायची. सुरुवातीला घंटा सारख्या वाजायच्या. लोकांची झोपमोड व्हायला लागली, उशा परत येऊ लागल्या. मग असं ठरलं, की स्वप्न चालू असेपर्यंत घंटा अडवून धरायची."

"कुणी ठरवलं?"

नाडगौडांनी चष्मा पुसायला घेतला. "बैठकीत ठरलं."

"बैठकीत माणसं नव्हती का हो?"

"होती. मीही होतो."

"आणि स्वप्नातच झटका आला तर?"

"वेदनेनं माणूस सहसा जागा होतो. जागा झाला की घंटा सुटते."

"सहसा!" ऋजुताचा आवाज चढला. "माझे पप्पा तुमच्या सहसात बसले नाहीत म्हणा की! लोकांची झोप मोडू नये म्हणून तुम्ही त्यांना कायमचं झोपवलंत, आणि वर फुलं पाठवलीत?"

नाडगौडांनी टेबलावरच्या पडद्यावर सरांची नोंद उघडली. जे वाक्य ऐकून ती इतके दिवस चिडत होती तेच आता तिच्या तोंडून आलं.

"निदान त्यांना कळलं तरी नसेल ना?"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. शब्द तोंडात येण्याआधी मेंदूत जुळतात, त्या न बोललेल्या शब्दांना ते अंतर्वाणी म्हणत. उशी तीही टिपून ठेवायची, पुढच्या संशोधनासाठी.

"ते जागे झाले होते," नाडगौडा हळू आवाजात म्हणाले. "पण फक्त मन जागं झालं. शरीर स्वप्नबंधातच अडकून राहिलं. क्वचित होतं असं. उशीनं मात्र स्वप्न चालूच आहे असं धरलं."

पडद्यावर तेच ते शब्द खालीखाली उमटत गेले होते. शीतल. शीतल, उठव. शीतल, हलव मला.

ऋजुतानं खुर्चीची पाठ धरली. ज्या माणसाच्या हाकेनं मैदान दणाणायचं त्याची शेवटची हाक घरातल्या बायकोलासुद्धा ऐकू गेली नव्हती. आणि ती ऐकणाऱ्या एकुलत्या एका यंत्राला गप्प बसायला शिकवलं होतं.

"असे आणखी किती?" तिनं विचारलं.

"सर पहिले नाहीत. तुम्ही तक्रार करा, मी साक्ष देतो. नियम बदलावाच लागेल. पण नोंद उघड करायला तुमच्या आईंची संमती लागते. आणि संमती घेण्याआधी ती नोंद त्यांना पूर्ण ऐकवावी लागते."

परतीच्या वाटेवर ऋजुता स्वतःशीच भांडत होती. सांगावं तर आईचा उरलासुरला आधार जाणार. गप्प बसावं तर उद्या आणखी कुणी असाच मनातल्या मनात ओरडत जाणार, आणि पुन्हा लोक त्याला भाग्यवान म्हणणार. त्या शब्दाचा तिला इतका संताप आला की घरी पोचल्यावर तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत.

शीतल खिडकीशी बसून घेवडा निवडत होती. ऋजुतानं सगळं सांगितलं, शेवटचे शब्दही. आई रडली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मी जागीच होते गं," ती म्हणाली. "हितंच बसले होते."

"आई..."

"घाम फुटला होता त्यांना. बोट हलल्यासारखं वाटलं. मी हात पुढं केला होता, ऋजू. मग दिवा बघितला. हिरवा होता. म्हटलं झोपू देत, उगं उठवलं तर खेकसतील." तिचा आवाज कापायला लागला, पण तो दुःखानं नव्हे. "लग्न झाल्यापासून ते जरा कण्हले की मी हलवून उठवत होते. खेकसायचे, पण उठायचे. ही उशी आणली आणि मलाच म्हणाले, आता तू हलवायचं नाहीस, ती बघते. माझा चांगला धडधाकट हात होता की गं! तो काढून घेतला माझा, आणि त्या दिव्याच्या हवाली केला!"

"मग संमती?"

"दिली म्हणावं. पण घंटा नीट करा एवढ्यावर सोडू नकोस त्यांना. तो हिरवा दिवा आधी काढायला लाव."

शेजारच्या ओसरीवर परीटांचे अप्पा दुपारचे पडले होते. खिडकीतून त्यांचं कण्हणं ऐकू आलं. शीतल तटकन उठली, ओसरीवर गेली आणि तिनं त्यांचा खांदा धरून गदागदा हलवला. अप्पा दचकून उठून बसले. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही. झोपा परत."

आतून अप्पांची बायको तणतणत बाहेर आली. "असं कुणी उठवतं व्हय झोपलेल्या माणसाला? शीतलवहिनी, दिवा हिरवा हुता की ओ!"

"त्या दिवशीही हिरवाच होता," शीतल म्हणाली.