वेशीवरचे आमंत्रण

मी पुढे जे लिहीत आहे ते घडलेले आहे. मी बळीराम, न्हावा शेवा बंदरातून कंटेनर वाहणारा एक चालक. शिक्षण सातवीपर्यंत. रचून सांगण्याची कला मजपाशी नाही.

गेल्या मार्गशीर्षातील अमावास्या. वेळ ऐन मध्यान्हीची. स्थळ, पनवेलजवळचे एक उठलेले गाव.

ते माझ्या पत्नीचे, सुमतीचे, माहेर. सरकारी प्रकल्पासाठी गाव रिकामे करण्यात आले. घरे पाडली गेली. उरली केवळ वेस, आणि वेशीवरचे उंबराचे झाड.

माझी कन्या अंकिता महाविद्यालयात इतिहास हा मुख्य विषय घेऊन शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने आईचेच गाव निवडले. तिचा मामा दयाराम तिला सदैव डिवचत असे.

“इतिहास घेऊन काय करनार गो तू? मेलेल्यांची विचारपूस?”

“मामा, जिवंत माणसं सरळ उत्तर देतात कुठे?”

हे खरेच होते. गावाविषयी दयाराम तिला एक अक्षर सांगत नसे. अखेर ती स्वतः निघाली. मी तिला मोटारसायकलवरून नेले.

रस्ता उखडलेला होता. मी अलीकडेच थांबलो. ती एकटी वेशीपर्यंत चालत गेली.

उंबराखाली तिने मोबाईल पुढे धरला आणि बोलू लागली. मध्येच थांबे... मान डोलावी... पुन्हा काही विचारी.

तिच्यासमोर कोणीही नव्हते.

मला वाटले, महाविद्यालयात असेच शिकवत असतील.

तदनंतर ध्यानात आले... एकही पक्षी बोलत नव्हता.

ती परतली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

“बाबा, आजोबांनी काय भारी माहिती दिली! गावातली सगळी घराणी तोंडपाठ. माझा प्रोजेक्ट झालाच समजा.”

“कोणते आजोबा?”

“ते काय, उंबराखालच्या दगडावर बसलेत. एकटेच असतात बिचारे. निघताना म्हटलं, या ना आमच्याकडे एकदा. आपल्या करंजाडेच्या फ्लॅटचा पत्तापण सांगितला.”

मी दगडाकडे पाहिले.

दगड रिकामा होता.

त्याच सायंकाळी दयाराम आमच्या घरी आला. अंकिताने मोठ्या अभिमानाने मुलाखत लावली.

तिचा प्रश्न ऐकू आला. पुढे शांतता...

पुन्हा प्रश्न. पुन्हा शांतता...

तिच्या प्रश्नांमागे हमरस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते. शांततेत मात्र ट्रकही नव्हते.

शेवटी तिचे हसणे. “या ना आमच्याकडे एकदा.”

दयाराम पांढराफटक पडला.

“तू बोलावलास तेला?”

तेव्हा प्रथमच त्याने तोंड उघडले. गाव हलले त्या दिवशी प्रत्येक देवाला नारळ देऊन, नाव घेऊन साद घातली होती, चला आमच्यासंगती.

“वेशीवरच्याला कोनी हाक मारली नाय. मुद्दाम. चार-दोन सालांत तो गावातला एक पोर न्यायचा. तिथंच ऱ्हावा म्हनून सोडला तेला. बोलावल्याबिगर तो वेस वलांडत नाय.”

“मग परत पाठव ना रे दादा!” सुमतीने आक्रोश केला.

तोच... लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली.

दार सरकले.

पावले वाजली नाहीत. फक्त कुजलेल्या उंबरांचा वास घरात शिरला...

आणि कोणीतरी दार ठोठावले.

दयाराम दाराला पाठ लावून ओरडला, “जा माघारी! तुला हितं कोनी बोलावला नाय!”

बाहेरून उत्तर आले. अंकिताच्या आवाजात.

“बोलावलं की.”

अंकिता मला बिलगून उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते.

“पत्तापण सांगितला,” तो आवाज म्हणाला. मग हसला. अगदी तिच्यासारखा. “दार उघडत नाही ना? मग आता तू ये आमच्याकडे, अंकिता.”

दुसऱ्या दिवशी दयारामने वेशीवर नारळ ठेवला. हात जोडले. पोर अजाण आहे, आमंत्रण मागे घेतो, असे विनविले.

त्याच्या पुढच्या सकाळी तोच नारळ, त्याने लावलेल्या कुंकवासह, आमच्या उंबरठ्यावर होता.

त्या दिवसापासून अंकिताने इतिहासाचे पुस्तक उघडलेले नाही. महाविद्यालय सुटले. ती मला एवढेच विचारते, “बाबा, कुणी मानानं बोलावलं तर जाऊ नये का?”

तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप घालतो.

आज पुन्हा अमावास्या आहे. मी दाराला टेकून बसलो आहे. दाराची किल्ली माझ्या मुठीत आहे. दयाराम येतो म्हणाला होता. आलेला नाही.

आतल्या खोलीत अंकिता कोणाशी तरी बोलते आहे. मध्येच थांबते...

ती थांबली की खालचे ट्रक ऐकू येत नाहीत.

आत्ताच ती हसली.

“हो आजोबा,” ती म्हणाली. “निघालेच.”